नवी दाढ

त्या वर्षी फुलोरा आला, आणि चार दिवसांत गळून गेला. बागांवर कळ्या धरल्या तोच कोरडा वारा सुटला. आठवडाभर तो थांबला नाही. झाडांखाली करपलेल्या पाकळ्यांचा थर पडला. त्याच झाडांखाली मधवाल्याच्या चाळीस पेट्या होत्या. एरवी या दिवसांत पेटीतली पोळ्याची चौकट बाहेर काढायची तर दोन्ही हात लागत, इतकी ती मधानं जड झालेली असे. यंदा चिमटीत धरली तरी वर येत होती. माश्या होत्या, राण्या होत्या, अंडी होती. खायला मात्र काही नव्हतं.

म्हणून त्यानं माश्यांना साखरेचा पाक घालायला घेतला. सकाळी तीन पातेली, संध्याकाळी तीन. अंगणात तीन दगड मांडून चूल केली होती. पाक उकळायचा, गार करायचा, डब्यांत भरायचा आणि डबे कावडीला लावून बागेत न्यायचे. त्याचे वडील असंच करायचे. यात भीती एकच होती. पाक बुडाला जरा जरी लागला तर तो माश्यांना बाधतो. त्यांचं पोट बिघडतं, पेटीच्या तोंडाशी तपकिरी डाग पडायला लागतात आणि आठ-दहा दिवसांत पेटी रिकामी होते. नुकता लागलेला पाक वासावरून कळत नाही, जिभेलाच कळतो. आणि मधवाल्याची जीभ तंबाखूनं कधीच मेली होती.

जीभ होती ती भिंगरीची. भिंगरी म्हणजे त्याची सात वर्षांची मुलगी, एकुलती एक. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून आजीनं हे नाव पाडलं होतं. पाक झाला की तो पळीभर काढून फुंकर घाली. ती बोट बुडवून जिभेवर ठेवी, डोळे मिटी आणि सांगे, "चांगलाय." कधी सांगे, "लागलाय." लागलाय म्हटलं की अख्खं पातेलं खड्ड्यात. तिच्या शब्दावर त्यानं कधी दुसऱ्याचं मत घेतलं नाही. शेजारपाजारचे हसायचे, म्हणायचे, एवढीशी पोर बापाची मुकादम झालीय. ते ऐकलं की भिंगरी हात मागे बांधून चुलीभोवती एक फेरी मारायची.

मग तिचा गाल सुजला. दोन दिवस आजीनं लवंग दाबून पाहिली. तिसऱ्या दिवशी पोरीला डोळा उघडवेना, तेव्हा मधवाला तिला बसनं शहरात घेऊन गेला. तीन खेपा झाल्या. एक दुधाची दाढ काढली, एक भरली आणि दोन दाढांवर चकचकीत पत्र्याच्या टोप्या बसवल्या. शेवटच्या खेपेला दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीजवळ बोलावलं आणि बारीक आरसा आत धरून पार मागचा कोपरा दाखवला. हिरडीतून पांढरं टोक वर आलं होतं.

त्या म्हणाल्या, ही दुधाची नाही, नवी दाढ आहे. ही गेली तर परत येणार नाही. मग विचारलं, "घरी हिचे दात कोण घासून देतं?"

मधवाल्याला प्रश्नच कळला नाही. "तीच घासते. मोठी झालीय की."

"अजून दोन वर्षं तरी मोठ्या माणसानं घासून द्यायचे," बाई म्हणाल्या.

मागच्या बाकावर दोन बाया आपापली पोरं घेऊन बसल्या होत्या. त्या ऐकत होत्या. बाई पुढे बरंच काही सांगत गेल्या. पेस्ट केवढी घ्यायची, टोपीच्या कडेनं ब्रश कसा फिरवायचा, सकाळी केव्हा, संध्याकाळी केव्हा, नंतर काय करायचं, काय नाही. तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. त्याच्या बाहीला मेण लागलं होतं आणि अंगाला माश्यांना द्यायच्या धुराचा वास येत होता. कधी एकदा बाहेर पडतो असं त्याला झालं होतं. बसमध्ये बसल्यावर त्यानं सगळं आठवून पाहिलं. घासल्यावर चूळ भरायची की भरायची नाही, यापाशी त्याची गाडी अडली. बाई "नाही" म्हणाल्या होत्या खऱ्या. पण पेस्ट तोंडात तशीच ठेवायची, असं कोणी शहाणं माणूस कसं सांगेल? आपल्या ऐकण्यातच चूक झाली असणार, असं त्यानं ठरवलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, रोज दोनदा घासून द्यायचं आणि खळखळून चूळ भरायची.

बायको त्या दिवसांत दुसऱ्यांच्या शेतांवर खुरपणीला जायची. घरच्या पेट्यांतून काही निघत नव्हतं, मग तिचे हात रिकामे ठेवून चालणार नव्हतं. ती दिवेलागणीला परत येई तेव्हा तिची बोटं वळत नसत. डॉक्टरांचं ऐकून नवरा आलाय, तेव्हा दात तोच घासून देत असणार, असं तिनं धरलं. पोरीचं न्हाणं-धुणं आई करते, तेव्हा दातही तीच घासत असणार, असं त्यानं धरलं. तो सकाळी मोरीपाशी जाई तेव्हा भिंगरीचा ब्रश ओला असे. तेवढ्यानं त्याचं समाधान होत होतं.

सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं होतं. तोवरही पाकाचं काम चालूच होतं. वारा थांबला, पण फूल कुठे दिसेना. मधवाला पोरीला घेऊन गेला तो मनानं अर्धा पेट्यांपाशीच होता. बाईंनी भिंगरीच्या दातांना लाल औषध लावलं आणि चूळ भरायला सांगितली. स्वच्छ दातावरचा रंग धुऊन जातो, घाण असेल तिथे राहतो, असं त्यांनी समजावलं. भिंगरीनं चूळ भरून तोंड उघडलं. सगळं तोंड लाल होतं. टोप्यांच्या कडेला तर रंग थापल्यासारखा दिसत होता.

बाईंनी नवी दाढ पुसली आणि आरशात दाखवली. तिच्या माथ्याशी खडूनं ओढावी तशी पांढुरकी रेघ होती. त्या म्हणाल्या, ही किडीची सुरुवात. अजून भोक पडलेलं नाही. आत्ता सांभाळलं तर थांबेल.

मधवाल्याचे कान तापले. तो मुलीकडे वळला. "रोज ब्रश ओला असतो तुझा."

"ओला करते," भिंगरी म्हणाली.

"म्हणजे?"

"नुसता ओला करते. घासलं तर टोपी निघते आणि पोटात जाते." वर्गातल्या एका मुलीनं तिला तसं सांगितलं होतं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चिमट्यानं टोपी धरून हलवून दाखवली. टोपी हलली नाही. मग त्यांनी ब्रश मधवाल्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, आत्ता माझ्यासमोर घासून दाखवा. मागे उभे राहा, डोकं पोटाशी टेकवून धरा.

या हातानं त्यानं आयुष्यभर माश्यांनी भरलेल्या चौकटी उचलल्या होत्या. हातमोज्यांशिवाय उचलल्या होत्या. पण त्या खुर्चीमागे उभं राहून तो ब्रश धरला तेव्हा बोटं कुठे ठेवायची ते त्याला सुचेना. जोर किती लावायचा कळेना. फेस पोरीच्या हनुवटीवरून गळ्यात उतरला, मधेच तिला उमासा आला. मागे बाकावर वाट पाहत बसलेल्या एका बाईनं आपल्या पोराचं तोंड दुसरीकडे वळवलं. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मनगटाला धरून ब्रश तिरका केला. "असा. हिरडीला लागून. घाई नाही." आणि शेवटी त्यानं पाण्याचा पेला पुढे केला तर त्यांनी तो बाजूला ठेवला. नुसतं थुंकायचं, चूळ नाही. पेस्ट दाताला थोडी लागून राहायला हवी. म्हणजे बसमध्ये पहिल्यांदा आठवलं होतं तेच खरं होतं.

मग बाईंनी विचारलं, गोड किती वेळा खाते?

हे उत्तर मात्र त्याच्याकडे होतं. यंदा घरात गोडधोड काहीच येत नाही, गोळ्या-बिस्किटंसुद्धा नाहीत, असं त्यानं ठासून सांगितलं. भिंगरी खुर्चीतूनच म्हणाली, "आजी मध देते. झोपताना. बोटभर."

"मध औषध आहे," मधवाला घाईनं म्हणाला. वीस वर्षं तो दारोदार हेच सांगत आला होता.

"खोकल्याला असेल," बाई म्हणाल्या. "दाताला मध काय, साखर काय, सारखंच. आणि किती खाल्लं त्यापेक्षा दिवसात किती वेळा तोंड गोड झालं, ते मोजा."

परत येताना भिंगरी खिडकीला नाक लावून बसली होती. लाल ओठ तिला काचेत आरशात दिसावेत तसे दिसत होते, आणि त्यावर ती खूश होती. त्याच्या डोक्यात मात्र मध घोळत होता. मधाला कधी कीड लागत नाही, मध वर्षानुवर्षं टिकतो, जखमेवर लावला तर जखम भरते. हे सगळं खरं होतं, त्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं. मग त्याच मधानं दात कसा किडेल? आणि बाई खोटं कशाला सांगतील? दोन्ही खरं असेल तर गिऱ्हाइकाला पुढे काय सांगायचं, हे त्याला उलगडेना.

घरी गेल्यागेल्या त्यानं आईला विचारलं. तिनं लपवलं नाही. दाढ काढली तिथली जखम भरावी म्हणून ती देत होती.

"घासून झाल्यावर?"

"नंतरच. म्हणजे रात्रभर राहतो." तिला यात काही चुकलंय असं वाटतच नव्हतं. "तुला याच मधावर वाढवलंय मी."

त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. पुढचे तीन दात उरले होते. मग जिभेनं आपल्या मागच्या रिकाम्या जागा चाचपल्या. एकीकडे दोन, एकीकडे तीन. शेवटी त्यानं मधाची बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली. म्हातारीनं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. ती पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नाही. बायकोशी बोलायची, तेही त्याला ऐकू जाईल अशा बेतानं. हल्ली घरात आपल्या हाताला विष चढलंय, असं ती म्हणे.

बायकोशी वेगळंच झालं. दात कोणी घासायचे यावर ती म्हणाली, "मी घासायचे, असं तुम्ही मला कधी सांगितलंत?" त्यानं आठवून पाहिलं. सांगितलं होतं, की नुसतं सांगायचं ठरवलं होतं, हे त्याला नक्की आठवेना. वाद तिथेच संपला. संध्याकाळचं मी घासून देईन, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पातेलं उतरलं. त्यानं पळी पुढे केली. भिंगरीनं बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. तिचं तोंड किंचित उघडं होतं आणि उन्हात आतली टोपी चमकली.

मधवाला तसाच पळी धरून उभा राहिला. सकाळी तीन पातेली, संध्याकाळी तीन. एकेका पातेल्याला एकदा, शंका आली तर दोनदा. दोन महिने झाले होते. बाईंनी विचारलं तेव्हा घरात गोड येत नाही असं तो छाती ठोकून म्हणाला होता, आणि ते म्हणताना खोटं बोलतोय असं त्याला क्षणभरही वाटलं नव्हतं. हे खाणं आहे असं त्याच्या मनातच कधी आलं नव्हतं. हे काम होतं.

"थुंक," तो म्हणाला.

भिंगरीनं डोळे उघडले. "चांगलाय पण."

"थुंक म्हणतो ना."

ती थुंकली. पाण्याचा तांब्या दिला, तिनं चूळ भरली. मग दुसऱ्या पातेल्यापाशी जाऊन नेहमीसारखी उभी राहिली. त्यानं तिला शाळेत जायला सांगितलं. अजून वेळ आहे, ती म्हणाली. आजपासून चव बघायची नाही, तो म्हणाला. का, ते त्यानं सांगितलं. पण सांगताना सगळं उलटसुलट होत गेलं. दात, साखर, बाई, किती वेळा. तिच्या तोंडाकडे पाहिल्यावर त्याला कळलं की यातलं काहीएक तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. तिला एवढंच कळलं होतं की ब्रश नुसता ओला केला म्हणून बापानं आपल्याला कामावरून काढलं. ती दप्तर घेऊन निघाली ती मागे न बघता.

पुढचे आठ दिवस मधवाला स्वतः चव घेत होता. त्यासाठी तंबाखू सोडली होती, पण जीभ काही एवढ्यात जागी होत नाही. पाक गोड लागे, एवढंच. आईला विचारावं तर ती रुसलेली, आणि तिलाही आता गोड-तिखटापलीकडे काही कळत नसे. तो जाळ कमी करी, पळीनं बूड खरवडून बघे, उजेडात रंग बघे. आपल्याला शंका येतेय की नुसती भीती वाटतेय, हेही त्याला समजेना. दोन चांगली पातेली त्यानं भीतीनं ओतून दिली आणि एक वाईट पातेलं चांगलं समजून पेट्यांना घातलं.

ते कळलं तीन दिवसांनी. बागेच्या खालच्या बाजूच्या तीन पेट्यांवर तपकिरी रेघा ओघळल्या होत्या. पेट्यांपुढच्या जमिनीवर माश्या रांगत होत्या. पोटं फुगलेली, पंख पसरलेले, उडता येत नव्हतं. तो उकिडवा बसून बघत राहिला. एकेक माशी गवताच्या पात्यावर चढे, टोकापर्यंत जाई आणि खाली पडे. डबे काढून पाक ओतून देण्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवशी बायको कामावरून लवकर परतली होती. तो चुलीपुढे बसला होता. पाणी उकळत होतं, साखरेचं पोतं शेजारी होतं, पण हात उचलत नव्हता. पोरीला पुन्हा बोलवावं का, एवढ्या हंगामापुरतं, असं त्याच्या मनात चाललं होतं. तीन पेट्या गेल्या, उरलेल्या सदतीसही जाऊ शकतात. आणि तिकडे पांढरी रेघ. दोन्हीकडे जीव तुटत होता आणि यातलं काही कोणाला विचारण्यासारखं नाही, असं त्याला वाटत होतं. तो बायकोला एवढंच म्हणाला की पाक लागतो आणि मला कळत नाही.

तिनं डोक्यावरचं फडकं सोडलं आणि त्याच्याशेजारी बसली. थोडा वेळ पातेल्याकडे पाहून म्हणाली, "उकळता कशाला?"

"म्हणजे?"

"साखर विरघळवायचीय ना? खाली उतरवलेल्या पाण्यातही विरघळते. जाळावर ठेवलंच नाही तर लागेल कुठून?"

वडील उकळायचे, म्हणून तो उकळत होता. वडील का उकळायचे, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. कदाचित त्यांच्या वेळची साखर गाळाची असेल, कदाचित त्यांनाही कोणी सांगितलं नसेल. तिनं पातेलं फडक्यानं धरून खाली घेतलं, साखर ओतली आणि लाकडी दांड्यानं ढवळू लागली. थोड्या वेळानं पातेल्याचं बूड दिसू लागलं, स्वच्छ. बारा वर्षं ती या घरात होती, आणि पाकाबद्दल तिला कोणी एक शब्द विचारला नव्हता. हे तिनं बोलून दाखवलं नाही. त्यालाच ते वाटलं, आणि तो उठून उगाच डबे पुसत राहिला.

खालच्या तीन पेट्या गेल्याच. बाकीच्या तगल्या. महिन्याभरानं बांधाबांधावर रानफुलं आली आणि पाक बंद झाला. म्हातारीही हळूहळू निवळली. झोपताना आता ती भिंगरीला मधाऐवजी पाणी द्यायची, पण देताना दर वेळी एक सुस्कारा सोडायची. गिऱ्हाइकानं मध औषधी आहे ना असं विचारलं की मधवाला पूर्वीसारखा पटकन हो म्हणत नसे. खोकल्याला चांगला, म्हणे, आणि मग लहान मुलाला दिलात तर नंतर दात घासा, असंही सांगे. गिऱ्हाईक गोंधळून त्याच्याकडे पाही. तोही गोंधळलेलाच असे.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा लाल औषध लावलं तेव्हा रंग कडेकडेला थोडाच राहिला. पांढरी रेघ तेवढीच होती, वाढली नव्हती. म्हणजे थांबली का, त्यानं विचारलं. आत्ताच सांगता येत नाही, त्या म्हणाल्या, असंच चालू ठेवा आणि सहा महिन्यांनी या. त्याला हो किंवा नाही हवं होतं. ते मिळालं नाही.

पण दात घासायचं त्यानं चुकवलं नाही. जेवणं झाली की तो ओट्याच्या पायरीवर बसे, भिंगरी खालच्या पायरीवर बसून डोकं त्याच्या गुडघ्यांत टेकवी आणि आ करी. पहिले काही दिवस ती डोळे घट्ट मिटून, मुठी आवळून बसायची. पाकाचं काम सुटल्यापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. तो बारीक आवाजात सांगत जाई. आता टोपी, आता दुसरी टोपी, आता मागची नवी. त्या कोपऱ्यात ब्रश पोचला की तो श्वास रोखून धरी, चौकट उचलताना धरावा तसा.

एका संध्याकाळी, आभाळात अजून उजेड असताना, ब्रश तोंडात असतानाच ती काहीतरी बोलली. फेसातून नुसतं गुळगुळ ऐकू आलं. त्याला वाटलं, दुखलं. हात थांबला.

"दुखलं का?"

तिनं मान हलवली आणि पुन्हा तेच बोलली. त्याला वाटलं, पुरे म्हणतेय. अजून डावी बाजू राहिलीय, तो म्हणाला. तिनं वैतागून त्याचा हात बाजूला केला, पायरीखाली थुंकली, बाहीनं तोंड पुसलं आणि वळून त्याच्याकडे पाहिलं.

"मी म्हटलं, पुढच्या वेळी माश्यांना पाक केलात तर पाणी फार गरम नको. कोमटच हवं. ते बघायला मला बोलवा. बोट बुडवून सांगीन."

त्यानं विचार केला. कोमट पाणी कोणालाही कळलं असतं. त्याच्याही बोटाला कळलं असतं.

"बोलवीन," तो म्हणाला.

भिंगरी पुन्हा वळली, डोकं त्याच्या गुडघ्यांत टेकवलं आणि डाव्या बाजूसाठी आ केला.